पुसलेला आरसा

माझे सासरे तंजावरकडचे. घरात मराठी बोलतात, पण जावयाला तमिळमधलं ‘मापिळ्ळै’ म्हणतात. ‘जावईबापू’ म्हटलं की माणूस डोक्यावर बसतो, असं त्यांचं मत. तांबरमच्या एका शाळेत त्यांनी पदार्थविज्ञान शिकवलं. निवृत्त झाल्यावर ते अड्यारला आमच्याकडे राहायला आले आणि दोन वर्षं बाल्कनीत काचेवर काच घासून त्यांनी दुर्बिणीसाठी आठ इंची आरसा तयार केला.

दुर्बिणीचं खरं काम मोठं दाखवणं नव्हे, प्रकाश गोळा करणं, हे ते मला पुन्हा पुन्हा सांगत. पावसात वाटी ठेवली तर वाटीभर पाणी, परात ठेवली तर परातभर. आपल्या डोळ्याची बाहुली म्हणजे वाटीसुद्धा नाही, पळी. भिंगाच्या दुर्बिणीत प्रकाश काचेतून आरपार जातो, त्याला रंगांची झालर लागते, आणि जड भिंग नुसत्या कडेवर पेलावं लागतं. आरशाला पाठीमागून आधार देता येतो, म्हणून मोठ्या दुर्बिणी आरशाच्या. भिंग आणि आरसा दोन्ही असलेली तिसरी एक जात असते, आखूड आणि महाग. आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींना तीच हवी होती, कारण ती फोटोत भारदस्त दिसते.

शेवटी सासऱ्यांनी आपलीच दुर्बीण सोसायटीला दिली. गच्चीवर उद्घाटन ठरलं. पाहुणे, शाल, फीत, सगळं. सेक्रेटरींनी एवढंच विचारलं, की किती पट मोठं दिसतं?

सासऱ्यांना उद्घाटनाशी देणंघेणं नव्हतं. त्यांचा एक डोळा काचबिंदूने आधीच गेलेला, दुसऱ्याची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया महिन्यापूर्वी झाली होती. डॉक्टर उत्तम म्हणाले. पण डॉक्टरांचा अक्षरांचा तक्ता सासऱ्यांना पाठ होता, त्यामुळे त्यांचा त्यावर विश्वास नव्हता. गुरूवरचे पट्टे दिसले तरच डोळा वाचला म्हणायचं, असं त्यांनी ठरवलं होतं.

त्या दुपारी मी नळीत डोकावलो तर आरशावर धूळ. असल्या समारंभांची टिंगल करण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं, आणि पाहुण्यांना धुळकट आरसा दिसेल म्हणून तो पुसायची बुद्धी मलाच झाली. काच पुसायचं निळं पाणी घेतलं, जुन्या वेष्टीचा, म्हणजे धोतराचा, तुकडा घेतला. घरच्या आरशाचा मुलामा काचेच्या मागे असतो, दुर्बिणीच्या आरशाचा पुढे, उघडा. हे मी दहादा ऐकून मान डोलावली होती. समुद्राच्या वाऱ्याने आणलेली बारीक वाळू मी त्या मुलाम्यावर गोल गोल घासली. दुरून आरसा लखलखीत दिसत होता.

संध्याकाळी पाहुण्यांनी डोळा लावला आणि ‘अद्भुत’ म्हणाले. दुर्बीण तेव्हा समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीकडे होती. मग ती गुरूकडे वळवली आणि सर्वांत शेवटी सासरे वाकले. बराच वेळ वाकून होते.

“गुरूभोवती कापूस आहे, मापिळ्ळै,” ते हळूच म्हणाले. “पट्टे नाहीत. डोळा गेला.”

त्यांच्यामागून मी पाहिलं. मलाही कापूसच दिसला. मी नळीला झाकण लावलं.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी पेपर उघडला नाही. काच घासायच्या सामानाचा डबा उचलून टाक म्हणून माझ्या बायकोला सांगितलं. तिने दुसऱ्या डॉक्टरांची वेळ घेतली, सासऱ्यांनी यायला नकार दिला. जिना उतरताना ते कठडा चाचपू लागले, पायऱ्या स्वच्छ दिसत असतानाही. हे सगळं मी पाहत होतो आणि सांगायला बरी वेळ शोधत होतो.

पाचव्या सकाळी सांगितलं. त्यांनी आरसा मागवला, खिडकीपाशी नेऊन तिरका धरला आणि बोटाने हवेतच ओरखडे मोजू लागले. नऊ मलाही दिसत होते. ते चौदावर थांबले.

“डोळा ठीक आहे,” मी म्हणालो.

“चार दिवस मी आंधळा होतो, मापिळ्ळै.”

मुलामा काढून नवा चढवता येतो, गिंडीत एकजण ते काम करतो. मी आरसा न्यायला हात पुढे केला. त्यांनी तो मऊ कागदात गुंडाळला, पिशवीत ठेवला आणि माझ्या बायकोला चप्पल घालायला सांगितली.