फटफटी हळू बोलू लागली तेव्हा

गल्लीतल्या शिवणकाम करणाऱ्या बाईंना सगळे तोंडावरच फटफटी म्हणत. बाई बोलायला लागल्या की कॉलरच्या मापापासून बहिणीच्या गुडघ्यापर्यंत सगळं एका दमात निघे. नवरा समोर चहा पीत "हं, हं" करी. त्याचा जन्म छापखान्यात गेला होता. निवृत्त होताना कान तिथेच विसरून आला, असं बाई गमतीनं सांगत.

बाईंचे हात कायम कापडात गुंतलेले. कुणाचं काय शिवायचं ते फोनला तोंडी सांगून ठेवायची सोय भाचीनं करून दिली. पहिल्याच दिवशी फोननं लिहिलं, 'डॉक्टरीणबाई दोन बोटं आखूड करणे.' भाची हसून हसून लोळली. बाई मात्र हट्टाला पेटल्या. एक वाक्य, मग "पूर्णविराम", मग दम, मग दुसरं. हळूहळू फोन चुकेनासा झाला. पण बाईंच्या जिभेला तीच चाल बसली, फोन समोर नसला तरी.

एका सकाळी त्या नवऱ्याला म्हणाल्या, "रविवारी ताईकडे जायचंय. तुम्ही येता का?"

"येतो की. किती वाजता?"

बाई बघतच राहिल्या. इतकी वर्षं तो "हं" म्हणे आणि रविवारी पेपर उघडून बसे. त्याला आपल्या माहेरची माणसं आवडत नाहीत, असं धरून त्या फणकाऱ्यानं एकट्याच जात. आज त्यांनी माहेरची माणसं आवडत नाहीत का असं विचारलं, तर तो गोंधळला. त्यांचं भरभर बोलणं त्याला कधी नीट कळतच नसे. त्याला वाटे, शिवणाचंच काही चाललं असेल. मध्ये तोडलं तर ही चिडेल.

बाईंना राग यायला हवा होता, पण कुतूहलच जास्त वाटलं. आणखी कशाकशाला हा नुसता "हं" म्हणाला असेल? त्या एकेक विचारत गेल्या. जुनी सायकल देऊन टाकू का, यालाही तो "हं" म्हणाला होता, आणि सायकल चोरीला गेली असं आजवर समजत होता. दोघं पोट धरून हसले. मग बाईंनी सांगितलं, आई गेली त्या वर्षी मला हे शिवणाचं दुकान बंद करावंसं वाटत होतं, तेही तुम्हाला सांगितलं होतं. तो हसायचा थांबला.

रविवारी दोघं गेले. स्वयंपाकघरात ताईनं हळूच विचारलं, "माझ्यावर रागावलीस का गं? मोजून मापून बोलतेस." बाईंनी पूर्वीसारखं सुटायचा प्रयत्न केला, पण दुसऱ्या वाक्यापाशीच अडखळल्या. त्या फोननं आपल्याला शहाणं केलं की मुकं, हे त्यांना कळेना. परतताना त्यांनी नवऱ्याला विचारलं, "मी आधी बरी होते की आता?"

"आधीची मला कुठे माहीत आहे?" तो म्हणाला. "तिचं मी काही ऐकलंच नाही."

वर्षानुवर्षं टाळलेली कानाची तपासणी त्यानं त्याच आठवड्यात करून घेतली आणि कानाला यंत्र बसवून आला. ताईशी रोज फोनवर बोलून बोलून बाईंचा जुना वेग हळूहळू परत येत होता. एका दुपारी त्या ताईशी फोनवर दोन विषय एकात गुंफून सुसाट सुटल्या होत्या. पलीकडच्या खोलीत नवऱ्यानं पेपर मिटला, खुर्ची दारापाशी ओढली आणि कान देऊन ऐकत बसला.