सासूबाईंनी सैल केलेले नट

आमच्या सासूबाईंना खोटं बोलता येत नाही. शेजारणीने कौतुकाने विचारलं, "नवे पडदे कसे दिसतात हो?" तर या म्हणाल्या, "दवाखान्यासारखे." असल्या बाईने नवऱ्याला कित्येक महिने फसवलं, आणि तेही माझ्या डोळ्यांदेखत, याचं मला अजून नवल वाटतं.

आप्पा, म्हणजे माझे सासरे, सरकारी गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते. निवृत्त होताना तिथलीच एक मोडीत निघालेली स्टेशन वॅगन त्यांनी घरी आणली. जुनी, लांबलचक, मागे अख्खं बिऱ्हाड मावेल एवढी जागा. "सावकाश करीन घरच्या घरी," म्हणाले आणि मागच्या अंगणात ताडपत्री टाकून ठेवली. नेमकी माझ्या कपड्यांच्या दोरीखाली! चादर वाळत घालायची तर मला त्या धुडाला वळसा घालून जावं लागायचं. मी रोज चडफडायची. आमचे हे वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता म्हणायचे, "बघू." यांचं 'बघू' म्हणजे काय, ते मला लग्नाच्या पहिल्याच वर्षी कळलं होतं.

मग आप्पांना अर्धांगवायूचा झटका आला. जिवावरचं दुखणं हातावर निभावलं. पाय सुधारला, बोलणं परत आलं, पण उजवा हात मांडीवर ठेवला तर मांडीवरच पडून राहायचा. व्यायाम शिकवायला एक बाई यायच्या. त्यांना आप्पा म्हणाले, "असे हातवारे करायला मी काय सर्कशीत आहे?" आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. पुढे पुढे जेवायलाही उठेनात. "माझं संपलं आता," एवढंच म्हणायचे. डॉक्टरांनी आम्हाला बाहेर बोलावून स्पष्टच सांगितलं, "हात वापरला नाही तर कायमचा जाईल. आणि मनाने असंच अंथरूण धरलं, तर हाताचं सोडा, माणूस हाती लागायचा नाही."

आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, ते ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणातून ठणाठण आवाज यायला लागला. बघते तर ताडपत्री बाजूला आणि आई हातोडीने गाडीचं बंपर बडवताहेत!

"कोण आहे तिकडे?" खोलीतून आप्पा ओरडले.

"मी. गंज काढतेय."

"हातोडीने?"

"मग कशाने? तुम्ही तर सांगणार नाही."

काठी टेकत, भिंतीला धरत आप्पा बाहेर आले. कितीतरी दिवसांनी त्यांना उजेडात पाहिलं मी. "अगं, गाडी आहे ती, अक्रोड नाही! ठेव ती हातोडी. रॉकेल आण आधी."

आईंनी मुकाट्याने रॉकेल आणलं. मी स्वयंपाकघरात जाऊन तोंडावर पदर घेऊन रडले. नंतर त्याच पदराला रॉकेलचा वास यायला लागला, ते सोडा.

त्यानंतर घराचं वर्कशॉप झालं. डब्यांत बोल्ट भिजत पडलेले, जिन्यात दारं टेकवलेली, आणि जेवणाच्या टेबलावर कार्बोरेटर! मी म्हटलं, "आप्पा, याला पण वाढू का?" तर म्हणाले, "वाढ. याचं पोट मात्र आधी साफ करायला हवं." आप्पांनी चेष्टा केली म्हणून मी टेबल देऊन टाकलं.

सुरुवातीला सगळं डाव्या हाताने चाले. उजवा नुसता पान्ह्यावर ठेवायचा, ओझं म्हणून. मग तो धरायला लागला. मग हळूहळू फिरवायलाही. पत्रा घासला, खड्ड्यांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरली, ती पुन्हा घासली. एकेक नट आवळून झाला की आप्पा बारीक ब्रशने त्यावर पिवळ्या रंगाची एक रेष ओढायचे, नटावरून थेट पत्र्यापर्यंत. ब्रश उजव्या हातात. पहिल्या रेषा कशाही गेल्या होत्या, मग सुधारल्या. मी विचारलं तर म्हणाले, "वर्कशॉपची सवय." मला वाटलं, असेल काहीतरी हौस.

काम उरकत आलं तशी आईंना काळजी लागली. एकदा भाजी निवडताना म्हणाल्या, "ही गाडी झाली की पुढे काय गं?"

एका दुपारी आप्पा झोपलेले असताना मी खिडकीतून पाहिलं. आई गाडीच्या मागच्या दाराशी गुडघे टेकून बसल्या होत्या, हातात पान्हा. मी जवळ गेले तर केवढ्या दचकल्या!

"आवळताय?"

"सैल करतेय," त्या कुजबुजल्या. खोटं बोलता येत नाही ना. "काल त्यांनी घट्ट केलं, आज मी सैल केलं, उद्या पुन्हा करतील. तेवढाच हात चालेल. कुणाला बोललीस तर बघ!"

मी कुणाला बोलणार? मी दाराशी पहारा द्यायला लागले. दुसऱ्या दिवशी आप्पा कुरकुरत, "या गाडीचे नट जागेवर राहतच नाहीत."

"जुनी झालीय," आई भाजीकडे बघत म्हणायच्या.

असं किती चाललं! आज सीट, उद्या बिजागरी, परवा पुन्हा सीट. आप्पा पान्हा घेऊन बसायचे, आणि आता डाव्या हाताची आठवणही त्यांना राहिली नव्हती.

शेवटी एके दिवशी त्यांनी जाहीर केलं, "उद्या बाहेर काढायची." आईंचा जीव टांगणीला लागला. त्या दुपारी त्यांना सैल करायला दुसरं काही सुचलं नाही, म्हणून त्यांनी चाकाचे नट सैल केले. मला पत्ता नाही!

सकाळी यांनी फाटक उघडलं. आप्पा गाडीत बसले, किल्ली फिरवली. इंजिन एकदा खोकलं आणि लागलं. मी टाळ्या वाजवणार, तेवढ्यात आई धावत जाऊन गाडीच्या पुढ्यात दोन्ही हात पसरून उभ्या राहिल्या.

"अहो, उतरा! चाकं निघतील! मी सैल केलीत. सगळं मीच सैल करत होते इतके दिवस!"

यांचं तोंड उघडंच राहिलं. आप्पांनी इंजिन बंद केलं, खाली उतरले.

"माहीत आहे मला," ते म्हणाले. "चाकं सकाळीच आवळली मी. अगं, ती रेष कशासाठी ओढतात? नट जरा फिरला तरी ती तुटते. पहिल्याच दिवशी तुटलेली दिसली. तुझ्याशिवाय कोण येणार तिथे?"

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तू थांबली असतीस." आप्पांनी गाडीच्या पत्र्यावरून हात फिरवला. "मला तेव्हा कशातच राम वाटत नव्हता. पण या बाईला माझा हात माझ्यापेक्षा जास्त हवाय, हे कळलं. मग म्हटलं, आवळू पुन्हा. तुझे फार उपकार आहेत माझ्यावर. हे तुला कधी सांगितलं नाही मी."

या घरात मी आल्यापासून आप्पांनी आईंशी एवढं सलग बोललेलं ऐकलं नव्हतं. देवाने मला हे घर दिलं, या दोघांच्या हाताखाली दिलं, याबद्दल त्या क्षणी मला काय वाटलं ते मी तोंडाने सांगू शकत नाही. एरवी माझं तोंड कधी बंद नसतं.

आईंना गाडीत बसायला हात द्यावा म्हणून आप्पांनी उजवा हात पुढे केला. आईंनी तो धरला, आणि कळवळल्या.

"अहो, हळू! बोटं मोडतील माझी!"

"दुखतंय?"

"हो! दुखतंय!" आई रडायला लागल्या, आणि आप्पा काही हात सोडेनात.