गावाला नंबर शिकवले तेव्हा

“राजीनामा देऊन टाका, बाई. तेच सोपं,” सुपरवायझर साहेब म्हणाले. मला सातवा महिना होता आणि रजेचा अर्ज घेऊन मी त्यांच्यापुढे उभी होते. राजीनामा देणार नाही, बाळंतपण झालं की परत येणार, असं मी सांगितलं. माझ्यामागे तक्रारी आल्या तर बघू, म्हणत त्यांनी सही केली.

स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील. मी कोल्हापुरात टेलिफोन ऑपरेटर होते. तेव्हा आमच्या फोनला डायल नव्हती. कोणी रिसीव्हर उचलला की आमच्या बोर्डवर त्याचा दिवा लागायचा. आम्ही नंबर विचारायचा आणि वायरची पिन त्या नंबरच्या भोकात खुपसायची. निदान नियम तसा होता. पण नंबर सांगतंय कोण? “बाई, डॉक्टरांना लावा की,” एवढंच. कुठले डॉक्टर, आणि ते आत्ता दवाखान्यात असतील की सासुरवाडीला जेवायला, हे बाईंनी ओळखायचं. मी ओळखायची. त्याचा मला तोराही होता.

माझ्या जागी येणारी शकुंतला हुशार होती, पण गावात नवी. मी तिला माणसं समजावून सांगायला लागले तर ती रडकुंडीला आली. तिचे घोटाळे झाले असते, तर साहेबांनी माझी जागा कायमची भरून टाकली असती. मला ती जागा हवी होती. घरी बसून मला वेड लागलं असतं.

मग मी ठरवलं, शकुंतलेला गाव शिकवण्यापेक्षा गावालाच नंबर शिकवू. दुसऱ्या दिवसापासून नंबर सांगितल्याशिवाय मी फोन जोडेना. लोक चिडले. साहेबांनी बोलावून घेतलं. मी नियमावर बोट ठेवलं, तेव्हा त्यांनी मला परत बोर्डवर पाठवलं.

सगळ्यात हट्टी होते गुळाचे अडते तात्या.

“बाई, अण्णाकडं लावा.”

“नंबर सांगा, तात्या.”

“तुमास्नी म्हाईत न्हाय व्हय?”

“मला माहीत आहे. पण मी बाळंतपणाच्या रजेवर चाललेय. नव्या बाईंना कसं कळणार?”

परक्या पुरुषाला हे असं सांगायची तेव्हा रीत नव्हती. शेजारची ऑपरेटर माझ्याकडे बघतच राहिली. माझेही कान तापले.

“मग आधी सांगायचं की,” तात्या म्हणाले आणि नंबर शोधायला गेले.

संध्याकाळपर्यंत ही बातमी सगळ्या गूळ बाजारात झाली. नंबर न सांगणाऱ्याला तात्या स्वतः झापतात, असं कानावर आलं. लोक निमूट नंबर सांगू लागले, वर माझ्या तब्येतीची चौकशी. एकाने तर डिंकाच्या लाडवांची कृती ऐकवली. लाजेने जीव जायचा, पण मी सगळं ऐकून घेतलं.

शेवटच्या आठवड्यात बोर्डवर शकुंतला बसली आणि मी मागे, हाताची घडी घालून. चुकली तरी हात पुढे करायचा नाही, हे सगळ्यात अवघड गेलं.

मुलगी झाली. तिला आईकडे ठेवून मी कामावर रुजू झाले, तर साहेब म्हणाले, “तुमच्यावाचून काही अडलं नाही हो.”

खरं सांगते, वाईट वाटलं. इतकी वर्षं मी गाव डोक्यात घेऊन बसले होते.

“अडलं नाही, म्हणूनच तर परत येता आलं, साहेब,” मी म्हटलं आणि हेडफोन चढवला.

रजेवर जाणाऱ्याने आपली आठवण निघणार नाही, अशी सोय करून जावं. जिवाला लागतं, पण जागा राहते.