मागच्या रांगेतला चौथा

कृष्णेच्या पुराचं पाणी सांगलीजवळच्या आमच्या गावातल्या घरात शिरलं, तेव्हा भिंतीवरचे खालच्या ओळीतले फोटो गेले. वरचे राहिले. निदान ते तरी पुढच्या पिढीला मिळावेत म्हणून या हिवाळ्यात मी साताऱ्याहून स्कॅनर आणि लॅपटॉप घेऊन गेले. प्रत्येक फोटोखाली माणसाचं नाव आणि नातं लिहून ठेवायचं होतं. जुनी माणसं ओळखू शकणारं घरात एकच माणूस उरलं आहे, माझी थोरली काकी.

काका सैन्यात होते. लग्नाला वर्ष व्हायच्या आत सीमेवर लढताना गेले. माझा जन्म त्यानंतरचा. त्या काळी मृतदेह गावी आणत नसत. घरात त्यांचा एकच फोटो होता, पलटणीचा. टोप्या घातलेल्या जवानांच्या तीन रांगा, नखाएवढे चेहरे. काकीच्या सासऱ्यांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, तो सांगलीच्या स्टुडिओत नेला आणि त्यातला एक चेहरा मोठा करून आणला. डोळे आणि मिशा स्टुडिओवाल्यानं ब्रशनं रेखल्या. हार घातलेला तो फोटो आम्ही सगळ्यांनी लहानपणापासून पाहिला. प्रजासत्ताक दिनाला तो शाळेत नेतात आणि झेंड्याजवळ खुर्चीवर ठेवतात.

"आवं काकी, पेपरवाली आलीया. जपून बोला, उद्या छापून यील," चुलतभाऊ म्हणाला. मी साताऱ्यात वर्तमानपत्रात काम करते.

"छापू दे. तुझ्यापरास बरं लिवती ती."

पलटणीचा फोटो स्क्रीनवर घेतला. काका कोणते, हे मी केवळ नोंदीसाठी विचारलं. भिंतीवरचा चेहरा पुढच्या रांगेत डावीकडे स्पष्ट दिसत होता. काकीनं चष्मा पुसला आणि मागच्या रांगेतल्या चौथ्या जवानावर बोट ठेवलं.

"ह्ये."

मी भिंतीकडे पाहिलं. "मग तो कोण?"

"मला न्हाई म्हाईत."

चुलतभाऊ हसला. कुणीच हसत नाही हे पाहून थांबला.

"तुम्ही तेव्हाच का नाही सांगितलं?" मी विचारलं.

"कुनाला सांगू? सासऱ्यांम्होरं तोंड उघडायची रीत न्हवती. आनि नवऱ्याकडं बोट दावायचं? फ्रेम आली तवा सासूबाई ती छातीशी धरून बसल्या. दोन दिस जेवल्या न्हवत्या, त्या दिशी जेवल्या. त्यांच्या हातनं काडून घिऊ व्हय?"

आजी गेली तोवर घरातल्या सगळ्यांना तोच चेहरा काका म्हणून पाठ झाला होता. काकी रोज त्याला गंध लावत राहिली.

तिनं दाखवलेला चेहरा मी मोठा केला. टोपीची सावली डोळ्यांपर्यंत आलेली होती. आणखी मोठा केल्यावर त्याचे नुसते करडे चौकोन झाले.

"मागं घे," ती म्हणाली. "आनकी जरा. हां. हितं वळकू येत्यात."

ती स्क्रीनच्या आणखी जवळ सरकली.

अडचण चुलतभावानं काढली. "गावाला काय सांगायचं? पोरं दरसाली ह्याच फोटूला सलाम करत्यात. आता त्यो आपला न्हवंच म्हनायचं?"

"आपला न्हाई, पर कुनाचा तरी हाय की," काकी म्हणाली. "ऱ्हाऊ दे भित्तीवर. इतकी वर्सं ऱ्हायलाय, आता कुटं धाडतूस त्येला?"

मोठ्या केलेल्या फोटोच्या नोंदीत मी लिहिलं, 'काकांच्या पलटणीतील जवान, ओळख पटलेली नाही.' पलटणीच्या फोटोखाली काकांचं नाव आणि रांगेतली जागा लिहिली. नाव मी उच्चारलं. काकीनं फक्त मान हलवली.

ती म्हणाली त्याच आकारात काकांच्या चेहऱ्याची प्रत मी साताऱ्यात छापून घेतली. पोस्टकार्डाहून लहान. ती द्यायला गेले तेव्हा सव्वीस जानेवारी जवळ आला होता. शाळेत कुठला फोटो न्यायचा, असं चुलतभावानं काकीलाच विचारलं.

तिनं हातातली प्रत त्याच्यापुढे धरली.

"एवडुसा हाय, काकी. मागच्या पोरांस्नी दिसायचा न्हाई."

"नसंल दिसत," ती म्हणाली. "पर ह्येच जाऊ द्यात."