गणूमामा आणि फुके

गणूमामा बहिणीच्या दारात कधी रिकाम्या हातानं येत नसे. आमच्या बेटावरच्या लालमती गावात आमच्या घरी आधी त्याच्या टोपलीचा वास यायचा, मग मामा. टोपलीत मीठ लावलेली फुक्यांची पिल्लं असत. फुके म्हणजे समुद्रपक्षी. उत्तरेकडच्या ओसाड बेटांवर बीळ करून त्यात एकच अंडं घालतात. मामा मच्छीमार होता. एप्रिलच्या सुमारास होडी घेऊन जायचा आणि खांद्यापर्यंत हात घालून पिल्लू ओढायचा. "देवानं लोणी भरून ठेवलंय, आपण फकस्त हात घालायचा," असं म्हणायचा. बोटं चाटत जेवताना आम्हाला मामाचा केवढा अभिमान वाटे.

सत्तरचं दशक सरता सरता टोपली हलकी होत गेली. मामा कधी वादळाला दोष द्यायचा, कधी उंदरांना. मग एका वर्षी तो मोकळाच आला आणि दारात उभा राहिला. आईनं मसाला वाटून ठेवला होता. यंदा सगळं सासुरवाडीला पोचवलंत वाटतं, अशी बाबांनी थट्टा केली. मामा हसला नाही.

"बाय, सगळी बिळं रिकामी," तो आईला म्हणाला. "एकात एक पिल्लू गावलं. हाताच्या सवयीनं मान मुरगळली. मंग कळलं, तेवढंच व्हतं. परत बिळात ठेवून आलो. फिनी, संपलं."

आईनं वाटलेला मसाला झाकून ठेवला. इतकी वर्षं बोटं चाटत आम्हीही तेच खाल्लं होतं.

त्यानंतर दर हंगामात तो धक्क्यावर जाऊन होडीवाल्यांना अडवू लागला. ते म्हणत, स्वतःचं पोट भरलं, आता आम्हाला शिकवतोस. मामा मान खाली घालायचा. "खरं हाय त्यांचं," घरी येऊन सांगायचा, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जायचा.

पुढे काही वर्षांनी पाखरं वाचवायला त्या बेटांवर पहारा बसला. जुनी बिळं कुठे होती हे दाखवायला सरकारी माणसं मामालाच नेऊ लागली. मी तेव्हा रोझ हिलला शाळेत शिकवत होते; एकदा त्यांच्याबरोबर गेले. संध्याकाळ होत आली होती. समुद्रावरून फुके परतत होते, मोजकेच, आणि तान्ह्या मुलांसारखे रडत होते. मामानं होडीतूनच बोटानं जागा दाखवल्या. सगळे उतरले, तो बसूनच राहिला. मी हात पुढे केला.

"तू जा," मामा म्हणाला. "मला वळखतील ती पाखरं."