माळवदावरची माती

मल्लिकार्जुन गवंड्याला देवाधर्माचं वावडं नव्हतं. गळ्यात लिंग होतं, विभूती लावल्याशिवाय सकाळचा चहा घशाखाली उतरत नव्हता. पण कुणी जगबुडीची तारीख सांगितली की त्याचं डोकं फिरायचं. हळ्ळीखेडच्या पारावर अशा तारखा दोन-तीन वर्षांनी यायच्याच. मल्लिकार्जुन हातातली थापी आपटत विचारायचा, "मागल्या जगबुडीचं काय झालं, अण्णा? पुढं ढकलली का?" लोक हसायचे, आणि तो वळला की पुढच्या तारखेची चौकशी करायचे.

यंदा मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. पावसाळा सरता सरता जमिनीखालून दोनदा गडगडल्यासारखा आवाज आला, फडताळातली भांडी वाजली. पाठोपाठ कुठल्याशा बुवाचा व्हिडिओ घरोघरी फिरला. येळअमावस्येला, ऐन शेतपूजेच्या सणाला, धरती दुभंगणार, पाप्यांचा निवाडा होणार, दार लावून उपाशीपोटी दिव्यापुढं बसेल तोच वाचणार!

मल्लिकार्जुनच्या थोरल्या बहिणीनं, दानम्मानं, लगेच तेलाचा डबा भरून ठेवला. मुलगा हैदराबादला नोकरीला, घरात ती, सून शैलश्री आणि शैलश्रीचं पाच महिन्यांचं लेकरू. डोक्यावर जुनं माळवद. गळू नये म्हणून दर उन्हाळ्यात त्यावर पांढऱ्या मातीचा नवा थर द्यायचा, जुना मात्र काढायचा नाही, ही आपल्याकडची रीत. दानम्माच्या सासऱ्यानं टाकली, नवऱ्यानं टाकली, साठून साठून दीड हात माती झाली होती. तुळया वाकल्या होत्या, आणि त्यातल्याच एकीला लेकराची झोळी टांगलेली. मल्लिकार्जुन येताजाता त्या तुळईकडं बघायचा. बुवाच्या तारखेवर त्याचा काडीचा विश्वास नव्हता, पण जमीन हलते हे त्यानं डोळ्यांनी पाहिलं होतं. त्र्याण्णवच्या भूकंपात, किल्लारीकडच्या त्या दोघांच्या गावी, आई अशाच माळवदाखाली गेली. दहा वर्षांचा मल्लिकार्जुन अंगणात झोपला होता म्हणून वाचला, दानम्मा लग्न होऊन इकडं आली होती म्हणून. भेटायला आलेले लोक म्हणाले, गावाचं पाप भरलं होतं. तेव्हापासून 'पाप' शब्द ऐकला की तो उसळायचा.

"अक्का, माती उतरवू दे. मी वर हलके पत्रे टाकून देतो," तो महिनाभर विनवत होता.

"अमावस्या तर होऊ दे. असल्या दिवसांत घर उघडं करायचं म्हणजे देव काय म्हणल?"

शेवटी अमावस्येच्या आदल्या दिवशी त्यानं डाव बदलला. "बरं, जमीन फाटणार म्हणतीस. मग लेकराला घेऊन दीड हात मातीखाली कामून बसायलीस? आन् उद्या शेतातल्या पांडवांना उपाशी ठेवणार व्हय? भज्जी न्हाई, आंबील न्हाई. त्येचं पाप कुणाच्या माथी?"

दानम्मा गडबडली. कळायला लागल्यापासून तिनं एकही येळअमावस्या घरात काढली नव्हती. बुवा एकीकडं आणि शेतात दगड मांडून पुजायचे पाच पांडव एकीकडं! रात्री तिनं गुपचूप नैवेद्याच्या भज्जीसाठी नाना भाज्या, शेंगा निवडायला घेतल्या.

सकाळी भज्जीची पाटी डोक्यावर घेऊन ती निघाली, मागं लेकरू कडेवर घेतलेली शैलश्री. शेतात कडब्याच्या पेंढ्यांची खोपटी, कोप, उभी होती, तिच्यात पांडव मांडले, पूजा झाली. इकडं मल्लिकार्जुन दोन गडी घेऊन माळवदावर चढला आणि टिकाव मारला.

दिवस मावळला. जग जिथल्या तिथं होतं. दानम्मा परतली तर अंगणात पुरुषभर उंच ढीग, आणि अजून निम्मीच माती उतरली होती.

"एवढं वझं व्हतं आमच्या डोक्यावर?" तिनं तोंडावर हात ठेवला. मग ढिगाशेजारी बसलेल्या भावाकडं तिचं लक्ष गेलं. तो मातीची ढेकळं मुठीत कुस्करत होता.

"अक्का, भूकंपाच्या सालच्या उन्हाळ्यात गावाकडं आपल्या माळवदावर माती मी वाहिली व्हती," तो म्हणाला. "आई म्हणायलती, बास झालं, उतर खाली. मीच ऐकलं न्हाई. आणिक धा पाट्या टाकल्या."

बत्तीस वर्षांत हे त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं, बायकोलासुद्धा नाही.  दानम्मानं पाटी खाली ठेवून त्याचं मातीनं भरलेलं डोकं छातीशी धरलं.

"गावाला सांगत फिरतोस, पाप न्हाई, निवाडा न्हाई. आन् सोताला एवढी वरसं शिक्षा देत बसलास व्हय रं? धा वरसाचं लेकरू व्हतास तू. आईला पाऊस लागू नये म्हणून वाहिलीस की रं ती माती!"

चाळीशी उलटलेला तो गवंडी अंगणात हमसून हमसून रडला. दानम्मानं त्याला रडू दिलं. मग पाटीतली उरलेली भज्जी त्याच्यापुढं वाढली आणि कुंपणापलीकडं हाक दिली, "गुंडेराव, तुमच्याबी माळवदावर लई माती हाय बघा. आमचं परवा उरकतंय. मग मल्लूला लावून देते तुमच्याकडं."