मोरेश्वरचा खुलासा

मोरेश्वर देवपुजारी मूळचा नागपूरचा. अमेरिकेतल्या कॅरी गावातल्या एका कंपनीत तो दुसऱ्यांनी लिहिलेल्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायचा. चूक दिसली की मुद्देसूद लिहून सगळ्यांना कळवायची, ही सवय त्याच्या हाडीमाशी खिळलेली. २००७ च्या वसंतात तो कॉलनीच्या घरमालक असोसिएशनच्या निवडणुकीला उभा राहिला, ते एकाच कारणासाठी. असोसिएशन नियम आणू पाहत होती की कुणाकडेही पाहुणा महिन्यापेक्षा जास्त राहता कामा नये. आणि मे महिन्यात त्याची आई सहा महिन्यांसाठी येणार होती.

नियमाचा रोख कुणावर होता हे उघड होतं. कंपनीत पुण्याहून नवा मुलगा आला की अपार्टमेंट मिळेपर्यंत त्याचा मुक्काम मोरेश्वरकडे. त्यालाही कधीकाळी कुणीतरी असंच ठेवून घेतलं होतं. पण समोरच्या लोरेनला सतत नवा चेहरा दिसायचा आणि गॅरेजमध्ये भिंतीला टेकवलेल्या गाद्या दिसायच्या.

लोरेन सरळ भांडली असती तर परवडलं असतं. ती लांबूनच हात हलवायची, ‘काय गोड कुटुंब!’ म्हणायची, आणि सकाळी स्कूलबसच्या थांब्यावर आयांच्या घोळक्यात विष कालवायची.

“ती म्हणते, तू हॉटेल चालवतोस,” मुलीला बसमध्ये बसवून आलेली त्याची बायको रेणू म्हणाली.

“तुझ्या तोंडावर म्हणाली?”

“छे! तोंडावर माझ्या कुर्त्याचं कौतुक. हे मला दुसरीनं सांगितलं.”

“पुरावा काय तिच्याकडे?”

“गप्पांना पुरावा लागतो का, यार? उद्या तू थांब्यावर चल. कॉफी घेऊन उभा राहा, हस, दोघीतिघींशी बोल. ऐकणाऱ्या इनमिन पाच-सहा जणी आहेत.”

“मी तिथे चकाट्या पिटत उभा राहू? त्यापेक्षा सगळ्यांना मेल टाकतो. एकदाच सोक्षमोक्ष.”

“सगळ्यांना कशाला? ज्यांच्या कानावरही गेलं नाही त्यांना...”

पण स्वारी लॅपटॉप उघडून बसलीसुद्धा होती.

कॉलनीतल्या घरोघरी मेल गेली. मी हॉटेल चालवत नाही. पाहुण्यांकडून एक डॉलरही घेत नाही. गाद्या आमच्या आहेत. गेल्या वर्षी राहून गेलेल्यांची नावं खाली दिली आहेत.

लोरेनच्या जिभेला जे वर्षभरात जमलं नसतं, ते मोरेश्वरने एका टिचकीत केलं. दुसऱ्या दिवशीपासून हॉटेल आहे की नाही हा प्रश्नच उरला नाही. कितीला खोली देतो, एवढीच उत्सुकता. ऑफिसला जाताना रेडिओवर एकजण कुठल्याशा उमेदवाराबद्दल ‘मी म्हणत नाही, लोक विचारताहेत’ असं घसा ताणून सांगत होता. मोरेश्वरने रेडिओ बंद केला.

निवडणुकीच्या सभेत लोरेन हळव्या आवाजात म्हणाली, “माझा तर विश्वासच बसला नव्हता. पण नावं त्यांनी स्वतःच दिली आहेत.” सभा हसली. मोरेश्वर खुलासा करायला उठला, तर अध्यक्ष म्हणाले, “तुमची मेल आम्ही सर्वांनी वाचली आहे.” पुन्हा हशा. निवडणुकीत तो पडला, आणि नियम टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला.

आई आली. महिना उलटून गेला. एका संध्याकाळी ती पुढच्या पायरीवर लसूण सोलत बसली होती, शेजारी मोरेश्वर. लोरेन कुत्र्याला घेऊन थांबली.

“किती प्रेमळ आहेत तुझ्या आई! कधी आल्या?”

ज्याने उभ्या आयुष्यात खोटा रिपोर्ट दिला नव्हता, तो मोरेश्वर तिच्याइतकंच गोड हसला. “परवाच.”

“अरे वा!” लोरेनची नजर आईच्या पायांतल्या झिजलेल्या सपातांवर क्षणभर रेंगाळली. मग ती हात हलवून पुढे गेली.

“काय म्हणत होती रे? बाई मोठी लाघवी दिसते,” आई म्हणाली.

मोरेश्वरने लसणाचं ताट उचललं.

“आई, उद्यापासून मागच्या दारी बसत जा.”